तीन संगम, सात दिवस : माहुली ते हरिपूर

साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते, कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. या तीन संगमांना जोडणारा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना मी ताई म्हणते, अशा दोघींनी २७ मार्च ते २ एप्रिल या सात दिवसांत पायी पार केला. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००७ मध्ये त्याचा ठराव केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी हरिपूरच्या घाटावर पोहोचायचे, असे ठरवून आम्ही तिथून मागे दिवस मोजत आलो होतो.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. दीड वर्षाचा असताना तो शिकलेले चार शब्दही बोलेनासा झाला, तेव्हा सासरी, माहेरी, शेजारीपाजारी सगळ्यांनी एकच सांगितले, की मुलगे उशिरा बोलतात. कोणी जिभेला वेखंड लावायला सांगितले, कोणी पोपटाने उष्टावलेला पेरू शोधून आणला. ही सगळी माणसे मायेची होती आणि त्यांच्यावर माझा राग नाही. पण निदान होईपर्यंत तो चार वर्षांचा झाला आणि मधल्या अडीच वर्षांचा एकेक महिना मला आजही आठवतो.

आम्ही साताऱ्यात राहतो, त्यामुळे निदानानंतर ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे करायला शिकवणारे उपचार) आणि स्पीच थेरपी किमान रिक्षाच्या अंतरावर होती. आमच्या पालक गटातली काही कुटुंबे मात्र पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या गावांतून येत, आणि गेल्या वर्षभरात त्यांतल्या दोघांनी येणे थांबवले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी निधी जमवायचा, हा या चालण्याचा मूळ उद्देश. तो वाटेत बदलला, आणि कसा बदलला हे नीट सांगावे म्हणूनच मुख्यतः हे लिहिते आहे.

पहिला दिवस : माहुली ते नागठाणे

पहाटे साडेपाचला संगमावर पोहोचलो तेव्हा विश्वेश्वराच्या देवळाचा दगड अजून रात्रीचा गारवा धरून होता. माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. लहानपणी सहलीला आले होते तेव्हा गुरुजींनी घाटाच्या पायऱ्यांवर बसवून त्यांची गोष्ट सांगितली होती. आज त्याच पायऱ्यांवर माझा मुलगा कानांवर आवाज रोखणारे मोठे हेडफोन लावून, वडिलांचे बोट धरून बसला होता. तो सातही दिवस चालणार नव्हता. रोजचे घर, रोजचे ताट आणि रोजची वेळ बदलली की त्याला फार त्रास होतो, म्हणून त्याने सुरुवातीला आणि शेवटी थोडे चालायचे आणि मधले दिवस वडिलांबरोबर घरी राहायचे, असे आम्ही चित्रांच्या तक्त्यावर त्याला आठवडाभर आधीपासून दाखवत होतो. सात चौकोन, सात चित्रे. रोज रात्री एक चौकोन खोडायचा.

त्याला किलोमीटरच्या दगडांचे विलक्षण वेड आहे. राष्ट्रीय महामार्गाचा दगड पिवळ्या डोक्याचा, राज्यमार्गाचा हिरव्या डोक्याचा, हे मला त्याच्यामुळे कळले. ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. हा शब्द मला कधीच पूर्ण पटलेला नाही, कारण माझा मुलगा स्वतःत नव्हे, तर बाहेरच्या जगातल्या ज्या गोष्टींकडे आपण ढुंकून पाहत नाही त्यांत मग्न असतो. महामार्गाला लागल्यावरच्या पहिल्या दगडावर त्याने तळहात ठेवला, अंक वाचला आणि माझ्या मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाला, “फोटो. सगळे.” वाटेतल्या प्रत्येक दगडाचा फोटो त्याला पाठवायचा, एकही गाळायचा नाही, असे ठरले. मग तो वडिलांबरोबर गाडीत बसून निघून गेला, मागे न बघता. त्याचे तसे जाणे आता मला टोचत नाही.

शेंद्रे ओलांडेपर्यंत ऊन चढले होते. फलक हातात धरण्याऐवजी आम्ही तो पाठीवरच्या पिशव्यांना शिवला होता. त्यावर मुलाचा फोटो नव्हता. आमच्या गटात यावर बरीच चर्चा झाली होती आणि फोटो असेल तर जास्त पैसे जमतील, असे काहींचे म्हणणे होते. पण लोकांना कळवळा यावा म्हणून त्याचा चेहरा हमरस्त्यावर फिरवणे मला मान्य नव्हते. त्याला विचारता आले असते आणि तो हो किंवा नाही म्हणाला असता, तर गोष्ट वेगळी. फलकावर एवढेच होते : “मूल उशिरा बोलत असेल तर वाट पाहू नका, तपासून घ्या.”

या वाक्याला पहिले उत्तर एका चहाच्या टपरीवर मिळाले. चहावाल्या आजी फलक वाचून म्हणाल्या, “बोलतंय की गं पोर उशिरानं. माझा थोरला पाच वरसाचा झाल्यावर बोलला.” पुढच्या सहा दिवसांत हे वाक्य मी किमान पंधरा वेळा ऐकले असेन. त्यात खोटे काही नाही, काही मुले खरोखरच उशिरा बोलतात. अडचण अशी, की कोणते मूल नुसते उशिरा बोलणार आहे आणि कोणाला मदतीची गरज आहे, हे घरात बसून ठरवता येत नाही. आजींनी चहाचे पैसे घेतले नाहीत, ते आम्ही त्यांच्यासमोरच निधीच्या डब्यात टाकले आणि पावती फाडून दिली.

असे चालण्याचा विचार असणाऱ्यांसाठी येथेच सांगून ठेवते. वाटेतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला आम्ही पंधरा दिवस आधी पत्र दिले होते. महामार्गावर शक्य तिथे सेवा रस्ताच धरावा. तो नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, चमकणारे जाकीट घालून चालावे. पैसे स्वतःच्या खात्यावर कधीही घेऊ नयेत. आमची सर्व रक्कम नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात जात होती. करसवलतीची ८० जी पावती हवी असलेल्यांना दोन हजारांपेक्षा मोठी देणगी रोखीने देऊ नका, असे आम्ही आवर्जून सांगत होतो, कारण त्याहून अधिक रोख रकमेवर ती सवलत मिळत नाही.

दुसरा दिवस : नागठाणे ते उंब्रज

अतीतच्या पुढे एका अंगणवाडीत जायचे आधीच ठरले होते. सेविका ताई माझ्याच वयाच्या, वीस वर्षे हे काम करणाऱ्या. प्रत्येक मुलाचे वजन, उंची, लसीकरण त्यांच्या नोंदवहीत सुवाच्य अक्षरात होते. मी त्यांना विचारले, की नावाने हाक मारल्यावर न वळणारे एखादे मूल आहे का? त्यांनी नोंदवही मिटली आणि म्हणाल्या, “आहे. मला केव्हापासून वाटतंय. पण आईला सांगितलं तर ती म्हणंल, माझ्या पोरावर शिक्का मारताय.”

आम्ही तासभर बोललो. वर्षाचे झाल्यावरही नावाला प्रतिसाद न देणे, हवी असलेली वस्तू बोटाने न दाखवणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे आणि कोणत्याही वयात आलेले शब्द निघून जाणे, या खुणा मी त्यांना लिहून दिल्या. यातल्या एखाद्या खुणेवरून ऑटिझम ठरत नाही, हेही त्याच कागदावर लिहिले. आधी कानाची तपासणी करून घ्यायची, मग बालरोगतज्ज्ञ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, तेव्हा हे मूल मुद्दाम दाखवायचे, आणि पथकाने पाठवले की जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात पुढची तपासणी होते. त्यांना कार्यक्रम माहीत होता. वजनाच्या आणि हृदयाच्या तक्रारी त्या पाठवतही होत्या. न बोलणारे मूलही तिथेच पाठवायचे, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. “आईला काय सांगू?” या त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर होते. माझा मोबाईल क्रमांक द्या आणि तिला म्हणा, ही पण आईच आहे.

काशीळला एका दुकानदाराने लसीचा प्रश्न काढला. गोवराच्या लसीमुळे हे होते, असे त्याने मोबाईलवर वाचले होते आणि धाकट्या मुलीला ती लस द्यायची नाही, असे घरात चालले होते. मी तिथे पिशवी खाली ठेवून बसले. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने बारा मुलांवरच्या एका लेखात हा संबंध सुचवला, तो लेख ज्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकात आला होता त्यानेच तो २०१० मध्ये मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा वैद्यकीय परवानाही गेला. नंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. दुकानदाराची पत्नी आतून सगळे ऐकत होती. निघताना तिने तारीख विचारली, कोणत्या वारी लस देतात ते. त्या दिवशी मिळालेल्या कोणत्याही देणगीपेक्षा मला त्याचा आनंद जास्त झाला.

उंब्रजला ताईंच्या मावसबहिणीकडे मुक्काम होता. तव्यावरचा खर्डा, झुणका आणि ज्वारीची भाकरी, पाय गरम मिठाच्या पाण्यात. जेवण होता होता शेजारची एक शेतमजूर बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा थेट आत जाऊन शिवणयंत्राच्या पायट्याशी बसला. त्याचे निदान झाले होते, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र होते, वर्षभर तो थेरपीलाही गेला होता. मग बंद झाले. मी मोठ्या उत्साहाने तिला सांगितले, की आम्ही एसटीच्या भाड्यासाठीच निधी जमवतो आहोत. ती जरा थांबून म्हणाली, “बाई, एसटीचं न्हाई वं. बायकांना तिकीट अर्धं झालंय, ह्याला तर पाऊण माफ हाय. पर आठवड्यातलं दोन दिस रान सोडून जायाचं म्हंजे साशे रुपयं हजेरी गेली. आन मुकादमीन म्हनती, रोज येनारी बाई पायजे मला.”

महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, दिव्यांगांना पंच्याहत्तर टक्के सवलत आहे. हे मला ठाऊक होते. तरीही आम्ही सगळ्या शिकल्यासवरल्या पालकांनी तीन बैठका घेऊन भाड्याचा निधी ठरवला होता आणि ज्या दोन कुटुंबांनी येणे थांबवले, त्यांना का थांबवले, हे नीट विचारलेच नव्हते. रात्री बराच वेळ मला झोप लागली नाही.

तिसरा दिवस : उंब्रज ते कराड

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. पहाटे पुलावरून चालताना खाली पाण्यात उभ्या असलेल्या म्हशी आणि त्यांच्या पाठीवरचे बगळे तेवढे दिसत होते. सकाळभर मी चालत कमी आणि फोनवर जास्त होते. गटातल्या प्रत्येकाला उंब्रजची हकिकत सांगितली. मुलाला शहरात आणण्यासाठी पैसे देण्यापेक्षा थेरपिस्टला गावाजवळ नेण्यासाठी खर्च करावा, असे माझे मत झाले होते. गटाच्या खजिनदारांनी योग्य हरकत घेतली, की लोकांनी भाड्यासाठी पैसे दिले आहेत, ते परस्पर दुसरीकडे वळवता येणार नाहीत. मग तोवरच्या सर्व देणगीदारांना संदेश पाठवून संमती मागितली, आणि ज्यांना मान्य नसेल त्यांची रक्कम परत केली जाईल, असेही कळवले. एकाच गृहस्थांनी परत मागितली. बाकीच्यांपैकी काहींनी उलट थोडी भर घातली.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर पोहोचलो. दोन नद्या समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात आणि मग एकत्र काटकोनात वळून पूर्वेकडे जातात, असा संगम मी दुसरीकडे पाहिलेला नाही. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळच्या हिरवळीवर कराडच्या एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट भेटायला आल्या होत्या. त्यांनी माझी योजना ऐकून घेतली आणि तिच्यातला कच्चा दुवा लगेच दाखवला. आठवड्यातून एकदा गावात येऊन पाऊण तास मुलाला शिकवल्याने फारसे हाती लागणार नाही. तो पाऊण तास आईला, आजीला आणि जमल्यास अंगणवाडी ताईला शिकवण्यासाठी वापरला तर उरलेले सहा दिवस कामी येतील. आंघोळ घालताना, भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना मुलाकडून काय करून घ्यायचे, एखादी वस्तू त्याने मागावी म्हणून ती कुठे ठेवायची आणि किती थांबायचे, हे शिकता येते. एका ठिकाणी सहा मुले जमणार असतील तर महिन्यातून चार वेळा येईन, जाण्यायेण्याचा खर्च आणि एका सत्राचे सातशे रुपये द्या, असे त्या म्हणाल्या. नदीकाठी भेळ खात आम्ही वहीच्या मागच्या पानावर वर्षाचा हिशेब मांडला.

चौथा दिवस : कराड ते कासेगाव

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली ती कराडजवळच्या काले या गावात. साताऱ्याला ती १९२४ मध्ये आली. आदल्या दिवशीच्या हिशेबामुळे ते नाव सकाळी सारखे मनात येत राहिले. शाळा गावात निघू शकते हे शंभर वर्षांपूर्वी याच भागात कोणाला तरी दिसले होते.

या टप्प्यावर महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम सुरू होते. धूळ, वळणे, सावली नाही. अकराच्या पुढे चालणे अशक्य झाले. मार्चअखेर निघणाऱ्यांनी पहाटे पाच ते दहा एवढेच चालावे आणि उरलेले अंतर उन्हे कलल्यावर करावे; डोक्याला ओला पंचा आणि पाण्यात लिंबू, मीठ, साखर असू द्यावी. गुऱ्हाळाजवळ ताजा रस मिळतो, पण भर उन्हात चालता चालता तो पिऊन लगेच पुढे निघू नये, पोटात कालवते.

मुलाला फोटो पाठवणे नियमित चालले होते. ‘कोल्हापूर ६२’ चा दगड पाठवला आणि पुढे चालू लागलो तर एकदम ६० आला. ६१ चा दगडच नव्हता. त्या जागी खडीचा ढीग होता. मी ६० चा फोटो पाठवला, आणि दहा मिनिटांत मुलाच्या वडिलांचा फोन आला. मागे मुलाचा आवाज ऐकू येत होता, “एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट.” ते अंगावर येणारे रडणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ते हट्टापेक्षा किती वेगळे असते, हे सांगावे लागणार नाही. ताई म्हणाल्या, एखाद्या दगडावर कागद चिकटवून ६१ लिहू आणि फोटो पाठवू. त्यांनी हे पूर्ण मायेने सुचवले होते. पण त्याला ते चालले नसते, आणि त्याच्याशी खोटे वागायचे मला नव्हते. मी किलोमीटरभर मागे गेले, खडीच्या ढिगाचा फोटो काढला आणि खाली लिहिले : “६१ चा दगड येथे होता. आता नाही.” त्याला शांत व्हायला दोन तास लागले. ते दोन तास मी रस्त्याच्या कडेला बसून होते.

त्याच दुपारी उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या काही कोप्या, म्हणजे झोपड्या, दिसल्या. गाळपाचा हंगाम संपत आलेला, बहुतेक टोळ्या परतलेल्या. बीड जिल्ह्यातले दोन-चार कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, तेवढे शेवटचा फड आवरत होते. आम्ही पाणी मागायला थांबलो. पाचटावर साडेतीन वर्षांचे एक मूल बसले होते. आईने तीन हाका मारल्या, ते वळले नाही. ताईंनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला तर त्या एवढ्याशा आवाजाने वळले. मला माझा मुलगा आठवला. मी डॉक्टर नाही, मी काहीही ठरवले नाही, पण आईशेजारी जाऊन बसले. तिने सगळे ऐकले. मग म्हणाली, “सहा महिने हितं, सहा महिने गावाकडं. कोणत्या अंगणवाडीत नाव घालावं, ताई? हितली म्हणती गावाकडं घाल, तिथली म्हणती तुमी तर नसताच.”

आदल्या संध्याकाळी वहीत मांडलेला आमचा हिशेब इथे लागू पडत नव्हता. गावात येणारा थेरपिस्ट हिच्यापर्यंत कसा पोहोचणार? आठवड्याने ती जाणार होती. गावी गेल्यावर जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या तपासणीच्या केंद्रात जा, असे मी मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि कोणालाही दाखवता येईल अशी खुणांची यादीही दिली. तिने तो कागद उचलीच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. तिच्यासाठी याहून अधिक काही मला त्या दिवशी करता आले नाही आणि आजही तिचा फोन आलेला नाही.

पाचवा दिवस : कासेगाव ते इस्लामपूर

दुपारनंतर पश्चिमेकडून आभाळ भरून आले आणि पेठ नाक्याच्या अलीकडे वळवाने गाठले. रस्त्यालगतच्या एका वस्तीवर अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि घरातल्या तीन बायका ताडपत्री ओढत धावत होत्या. आम्हीही पिशव्या टाकून धावलो. पाटीने हळद गोळा करून ओसरीत ओतायची, पुन्हा पळायचे. मग टपोऱ्या गारा सुरू झाल्या. पंधरा मिनिटांत सगळे संपले, निम्म्याहून अधिक हळद वाचली आणि आमचे हात, पदर, जाकिटे पिवळीधमक झाली. मग ओल्या मातीच्या वासात त्यांनी चुलीवर चहा ठेवला आणि आमच्या पाठीवरचा फलक वाचला. त्या घरातल्या सासूबाईंनी तेच वाक्य उच्चारले, मुलगे उशिरा बोलतात म्हणून. तेव्हा धाकटी सून, जी तोवर एक शब्दही बोलली नव्हती, हळू आवाजात म्हणाली, “माझा भाऊ अजून बोललेला नाही. तो सव्वीस वर्षांचा आहे.” घरात त्या भावाबद्दल कधी बोलणे होत नसावे, असे सासूबाईंच्या चेहऱ्यावरून वाटले. त्यांनी सुनेच्या हातातली किटली घेतली आणि तिला बसायला सांगितले.

मुक्कामाला इस्लामपूरला, म्हणजे आता ज्याचे नाव ईश्वरपूर झाले आहे तिथे, भिजलेल्या बुटांत कागद कोंबून झोपलो.

सहावा दिवस : इस्लामपूर ते आष्टा

अंतर कमी, सोळाएक किलोमीटर. माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता. नवे बूट घालून लांब चालायला कधीही निघू नये आणि फोड आला तर तो फोडू नये, स्वच्छ पट्टी बांधून दोन मोजे घालावेत.

आष्ट्याला संध्याकाळी दहा-बारा पालक जमले. कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी आणि भाकरी एका काकूंनी घरून करून आणली होती. तिथे प्रश्न आले ते कागदपत्रांचे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यांत ऑटिझम आहे, म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. त्यासाठी ऑटिझमचे प्रमाण ठरवणारी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात आणि तपासणीच्या दिवशी मुलाच्या रोजच्या वागण्याचे मोबाईलवरचे छोटे चित्रण सोबत न्यावे, कारण अनोळखी खोलीत मूल वेगळेच वागते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. जमलेल्यांपैकी तिघांनीच त्याचे नाव ऐकले होते. एका वडिलांनी मुलगा सतरा वर्षांचा असल्याचे सांगून पुढे काय, असे विचारले. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ते वहीत उतरवून घेत होते आणि त्यांचा हात थरथरत होता.

सातवा दिवस : आष्टा ते हरिपूर

सर्वांत लांबचा टप्पा असल्याने पहाटे चारला निघालो. आष्ट्याचे चार पालक आणि एक आजोबा तुंगपर्यंत सोबत होते. कसबे डिग्रज मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस आणि पाटाचे पाणी. सांगलवाडीला पोहोचेपर्यंत नऊ वाजले. १९२९ च्या आयर्विन पुलावरून कृष्णा ओलांडताना ताईंनी खालच्या पाण्याला हात जोडले. माहुलीला आम्ही जिच्यात पाय बुडवले होते तीच ही नदी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये हिनेच अर्धी सांगली पाण्याखाली घातली होती. त्या सकाळी ती अगदी संथ होती.

गणपतीचे दर्शन घेतले, भडंगाची पुडी घेतली आणि दुपार एका ओळखीच्या घरी काढली. पाच वाजता हरिपूरच्या रस्त्याला लागलो. गावाच्या अलीकडे मुलगा आणि त्याचे वडील उभे होते. आमच्या गटातली आणखी सात मुले आली होती. आधीच सर्वांना विनंती केली होती, की ढोल-ताशा नको, फटाके नकोत, टाळ्याही नकोत. हात वर करून बोटे हलवली तरी मुलांना कळते. शेवटचा किलोमीटर पन्नास-साठ माणसे अशी गुपचूप चालली. हरिपूरच्या लोकांना ते नवल वाटले असावे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कारण विचारले, मग स्वतःच पुढे होऊन वाटेतल्या ट्रॅक्टरवाल्याला गाणी बंद करायला सांगितले. त्यांनीच आम्हाला हळदीच्या पेवांच्या जागा दाखवल्या. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय टिकत असे, २००५ च्या पुराने त्यांतली पुष्कळ पेवे गेली.

संगमेश्वराच्या मागे, वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथे मुलगा पाण्याच्या कडेला उभा राहिला. त्याने खिशातून चित्रांचा तक्ता काढला, सातवा चौकोन खोडला आणि तक्ता मला दिला.

एकूण दोन लाख चौदा हजार रुपये जमले. उंब्रजला एका बंद वाचनालयाची खोली ग्रामस्थांनी दिली आहे आणि दर शनिवारी तिथे सहा मुले आणि त्यांच्या आया येतात. आलेल्या आईला त्या दिवसाच्या हजेरीचे तीनशे रुपये त्याच निधीतून दिले जातात. अतीतजवळच्या अंगणवाडीतल्या मुलाच्या आईने दोन महिन्यांनी मला फोन केला. ती त्यांतल्या सहाव्या मुलाची आई. ऊसतोडीच्या मुलांसाठी काय करायचे, यावर पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी काही ठरवायचे आहे, आणि टोळ्यांबरोबर काम केलेल्या कोणाचे मार्गदर्शन मिळाले तर हवे आहे.

घरी आल्यावर मुलाने सगळे फोटो भिंतीवर क्रमाने लावून घेतले. ६२ आणि ६० च्या मध्ये त्याने एका फोटोएवढी जागा मोकळी सोडली आहे. खडीचा ढीग तिथे लावू दिला नाही. रस्त्याचे काम संपले की दगड पुन्हा बसतील, असे तिथल्या मुकादमाने सांगितले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघे कराडच्या पुढे जाऊन पाहून येतो.